गाळ्याचं माप

आडतीवरची नोकरी मी सोडली ती सोयाबीनच्या भर हंगामात, दिवाळीच्या चार दिवस आधी. बावीस वर्षं मी तिथं खरेदीदार होतो. त्याआधी हमाल. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलता उचलता माल ओळखायला शिकलो. मग मालकांनी एक जुनी मोटारसायकल हाती दिली आणि खेडोपाडी जाऊन माल बघायचं, भाव तोडायचं काम सांगितलं. त्यांच्या आडतीला जो चांगला माल यायचा तो माझ्या तोंडानं यायचा, हे मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, मालकांनाही. "तुला एक दिवस पत्ती देतो," असं ते दर लक्ष्मीपूजनाला म्हणायचे. पत्ती म्हणजे धंद्यातला हिस्सा. हे म्हणताना तिथं माणसं बसलेली असायची, त्यांनी ऐकलेलं आहे. त्या वर्षी त्यांनी पत्ती खरोखरच दिली, पण पुतण्याला. पुतण्या पुण्याहून शिकून आला होता. तूर आणि हरभरा त्याला वेगवेगळे दिसत होते, यापलीकडं मालाची त्याला काही ओळख नव्हती.

मी गोदामाच्या किल्ल्या गादीवर आपटल्या. शेतकरी बसले होते, हमाल होते, पुतण्या होता.

"करडई निघायच्या आत माझा सोताचा घाणा उभा करीन," मी म्हणालो, "आन् तुमच्या डोळ्यांदेखत तेल विकीन."

मालक पान जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "कर की बाबा. घाणा टेकवायला जागा तेवढी बघ."

चारजण हसले. कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल.

घाण्याचं रागात बोललो असलो तरी ते डोक्यात आधीपासून होतं. गेल्या काही वर्षांत परभणीचे डॉक्टर, मास्तर, बँकेतली माणसं लाकडी घाण्याचं करडईचं तेल विचारू लागली होती. मोठ्या शहरांकडून येणाऱ्या बाटल्या ती घ्यायची आणि वर आमच्याच भागात करडई होते म्हणून कौतुक करायची. मला बी कळत होतं. दाताखाली एक दाणा फोडला की त्यात तेल किती आणि ओल किती ते मी सांगू शकत होतो. मशीन काय, कुणीही विकत घेतं.

अडचण वेळेची होती. आमच्याकडं करडई फेब्रुवारीत निघायला लागते. आता ती पेरणारे थोडेच उरलेत, आणि त्यांचा माल खळ्यावरूनच उचलला जातो. त्या पंधरा-वीस दिवसांत बी हाती लागलं नाही तर वर्ष कोरडं. आणि बी घ्यायचं तर ते टाकायला जागा आणि गाळायला घाणा आधी हवा. तसं झालं नसतं तर शेहेचाळिसाव्या वर्षी मला परत कुणाच्या तरी आडतीच्या पायरीवर, काम आहे का, असं विचारत उभं राहावं लागलं असतं. कुणाच्या तरी म्हणजे बहुधा त्यांच्याच.

जागा मी हेरून ठेवली होती. ताडकळसला परभणी रस्त्यावर, बसथांब्यापासून शंभर पावलांवर, एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे दोन गाळे आहेत. मागं त्यांचं घर. एका गाळ्यात खताचं दुकान, दुसरा रिकामा. रिकाम्या गाळ्यात पूर्वी पिठाची गिरणी होती, म्हणून तिथं तीन फेजचं कनेक्शन तसंच होतं. नवीन कनेक्शनसाठी किती चपला झिजतात ते ज्यांनी काढलंय त्यांनाच माहीत. शिवाय आठवडी बाजाराची सगळी माणसं त्याच रस्त्यानं येतात. भावकीतला एक मला म्हणाला, "गाळा घ्यायला दुसरं घर सापडलं न्हाई का तुला?" बाई बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची शिकवणी घ्यायच्या, त्यावरून त्याचं हे बोलणं होतं. मी त्याला विचारलं, तुझे किती गाळे आहेत?

आता माझ्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. खरेदीदार पहिल्याच महिन्यात शिकतो की जो माल पाहिजे त्याच्याकडं बघायचं नाही. खळ्यावर दोन ढीग असतील तर चांगल्या ढिगाकडं पाठ करायची. वाईट ढिगातले दाणे हातावर घ्यायचे, नाक मुरडायचं, म्हशीची चौकशी करायची, निघायला गाडीला किक मारायची आणि मग जाता जाता, "आन् ते काय पडलंय तिकडं?" असं विचारायचं. कशासाठी पाहिजे, कधी पाहिजे, किती पाहिजे, यातलं काहीही समोरच्याला कळू द्यायचं नाही. गरज दिसली की भाव चढतो. बावीस वर्षं मी असाच वागलो, आणि घाण्याची सगळी तयारीही मी अशीच केली.

त्यामुळं गाळ्याचं माप घ्यायला मी त्या गाळ्यात गेलोच नाही. शेजारच्या खताच्या दुकानात गेलो. दोन्ही गाळे एकाच स्लॅबखाली, एकसारखे. टेप लावली असती तर संध्याकाळपर्यंत बाईंच्या कानावर गेलं असतं. मी झिंकची एक पुडी मागितली, दुकानदाराशी पावसाचं बोललो, आणि बोलता बोलता लांबी-रुंदी फरशा मोजून घेतली. उंचीसाठी भिंतीला लावलेली थप्पी मोजली. अकरा पोती आणि वर दीड फुटाची फट. एका पोत्याला एक फूट. आयुष्यभर मी गोदामांच्या उंच्या अशाच काढल्या आहेत. साडेबारा फूट. काम झालं. झिंक घरी नेऊन ठेवलं, ते अजून पडून आहे.

घाणा सांगायला मी सोनपेठला गेलो. तिथला एक म्हातारा सुतार लाकडी घाणे करतो, उखळ चिंचेचं आणि मुसळ बाभळीचं. त्याची लाकडं दोन-दोन वर्षं सावलीत वाळत पडलेली असतात. मी त्याला सांगितलं की एका पाहुण्यासाठी चौकशी करतोय.

"पाव्हण्याला घिऊन यायचं की मंग," तो म्हणाला.

"त्याला येळ न्हाई. हे लाकूड कसलं? गाठच गाठ दिसायलीय."

"गाठ तुमच्या मनात हाय, पाव्हणं. लाकडात न्हाई."

दीड तास घासाघीस झाली. दोनदा मी उठून गाडीपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा निघताना हेल्मेट मुद्दाम ओट्यावर ठेवून गेलो, म्हणजे परत यायला निमित्त राहतं. म्हातारा माझ्या मागोमाग गाडीपाशी आला आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"हे घ्या. परत यायचा तरास नगं."

त्यानंतर त्यानं सांगितलेल्या भावाच्या जवळपासच सौदा झाला. मला आवडला तो माणूस, पण तेव्हा मी तसं दाखवलं नाही.

"जागा दावा एकदा," तो म्हणाला. "मोटार खाली बसवायची का वर, ते जागा बघून ठरवावं लागतं."

"वर बसवा. जागेचं तुमी सोडा."

"मोटारीसकट साडेनऊ फूट होईल. वर मुसळ काढायला दीड फूट मोकळं लागतं. छत किती उंच हाय?"

"उंच हाय."

"उंच म्हंजे? तुमच्यायवढं का माझ्यायवढं?"

"आपन दोघं एकावर एक उभे ऱ्हायलो तरी डोकं लागत न्हाई."

"मंग तुमी खाली ऱ्हावा," म्हातारा म्हणाला. त्यानं पेन्सिल कानाला लावली आणि इसार घेतला.

मग मी बाईंकडं गेलो. रिकाम्या पोत्यांचं बारदान ठेवायला एखादी जागा बघतोय, असं सांगितलं. त्यांनी शटर उघडलं. मी आत गेलो आणि नियमाप्रमाणं फक्त दोष पाहिले. कोपऱ्यात ओल आहे, फरशी फुटली आहे, शटर गंजलंय, गिरणीच्या पिठाचा वास अजून जात नाही, इथं उंदीर होणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. भाडं सांगितलं. मी निम्मं सांगितलं.

"नाही जमणार," त्या म्हणाल्या.

"तुमी काय कमी करताव ते तरी सांगा."

"काहीच नाही. मी एकच भाव सांगते. दुसरा मला सांगता येत नाही."

असं माणूस मोंढ्यात नसतं. समोरचा एक पाऊल खाली येतो, आपण एक पाऊल वर जातो, मधे कुठंतरी भेटतो, त्यालाच बोलणं म्हणतात. बाई जागच्या हलेनात. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो, त्यांनी हाक मारली नाही. चौथ्यांदा त्यांनी "नाही" म्हटल्यावर माझा तोल गेला. असल्या खुराड्याला काळं कुत्रं विचारणार नाही, असं काहीसं बोललो आणि जाताना शटर इतक्या जोरात ओढलं की ते अर्ध्यावर येऊन अडकलं. ना खाली, ना वर. खताच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती.

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या. "माझ्याकडं काठी आहे."

काठी कशाला ते मला समजलं नाही. नंतर कळलं की कुत्री आत जाऊ नयेत म्हणून. ते शटर तीन आठवडे तसंच अर्धं राहिलं.

त्या तीन आठवड्यांत मी ताडकळस, पूर्णा, चुडाव्याचा स्टेशन रस्ता, सगळं पालथं घातलं. कुठं वीज नाही, कुठं रस्ता नाही, एकीकडं सगळं होतं तर मालक भावाभावांत भांडत होते. संक्रांत झाली. सोनपेठहून सुताराचा फोन आला, घाणा तयार हाय, पाठवू का? मी म्हटलं थांबा. आणि त्याच दिवशी बायकोनं बातमी आणली की बाईंचा गाळा एक मोबाइलवाला दोनदा बघून गेला.

"तुला कुणी सांगितलं?"

"बचत गटातल्या बायांनी. मोबाइलवाला बाईला म्हणला, मी आठ दिवसांत सांगतो. आवो, तुमी जाऊन या की एकदा."

"मी जाणार न्हाई."

"मंग घाणा काय आपल्या न्हाणीत बसवायचा?"

मी गेलो. शटर अर्ध्यावरच होतं, बाई आत झाडत होत्या. "वाकून या," त्या म्हणाल्या. मी वाकून आत गेलो. सांगितलं की बारदानासाठी पुन्हा विचार केला.

"बारदान?" बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "तुम्ही सोनपेठला घाणा सांगितलाय. तो तयार झालाय. हे ताडकळसमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या घरातूनच आलं. बचत गटात."

घरी गेल्यावर बायको म्हणाली, चार बायांत बोलणं निघालं, म्हटलं घाणा करायलेत, त्यात लपवायचं काय? म्हणजे तीन महिने मी ज्या गोष्टीसाठी पावसाचं आणि म्हशीचं बोलत फिरलो, ती पहिल्या आठवड्यापासून बाजारात होती. पण ते नंतर. त्या वेळी बाई पुढं म्हणाल्या, "घाण्याला माझी ना नाही. मोबाइलवाल्यापेक्षा बरं. पण मला लिहून पाहिजे. काय करणार, कसं करणार, किती वाजता चालू करणार आणि बंद करणार, आवाज किती, पेंड कुठं ठेवणार, माशा होऊ नयेत म्हणून काय करणार, मशीन केवढं, जागा केवढी. आठ दिवसांत आणा."

"भाडं?"

"तेच."

मी सातवीपर्यंत शिकलेलो. लिहिणं म्हणजे माझ्यासाठी चिठ्ठीवर वजन टाकणं. दोन रात्री बसलो. पण एकदा लिहायला लागलो तर हात थांबेना. हा धंदा मी का करतोय, असं सुरू केलं, आणि मग ते सगळं आलंच. बावीस वर्षं, लक्ष्मीपूजन, पत्ती, पुतण्या, कोण हसलं. चार कागद पाठपोट भरले. लिहिलं ते खरं होतं आणि चांगलं उतरलंय असंही मला वाटलं. बायको म्हणाली एकदा वाचून दाखवा, मी म्हटलं तुला सगळं माहीत आहे.

बाईंनी कागद वाचायला लाल पेन घेतलं. सवयच असणार. मी गाळ्यातच त्यांच्यासमोर बसून होतो. पहिल्या पानाच्या समासात त्यांनी उभी रेघ मारली आणि लिहिलं, विषयांतर. दुसऱ्या पानावर तीच रेघ. तिसऱ्यावरही. चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांचं पेन थांबलं.

"इथं घाणा आला," त्या म्हणाल्या. "चार ओळी."

"बाई, वरचं सगळं खरं हाय. एक शब्द खोटा न्हाई."

"असेल. पण गाळा तुम्ही घेणार आहात का तुमचे मालक?"

मला राग आला. उठलोही. पण शटर अर्ध्यावर होतं, आणि बाहेर जायला पुन्हा वाकावं लागणार होतं. बाईंनी कागद परत दिले. त्यांनी काही मला समजावलं नाही, सगळं विसरून जा वगैरे म्हणाल्या नाहीत. ते म्हणाल्या असत्या तर मी तिथूनच निघून गेलो असतो. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा लिहा. प्रश्न विचारलाय तेवढंच उत्तर." विसरण्यासारखं ते नव्हतं आणि अजूनही नाही. चार कागद माझ्याकडं आहेत.

दुसऱ्या दिवशी मी आधी परभणीहून शटरवाला आणला आणि शटर नीट करून घेतलं. मग कोऱ्या कागदावर लिहायला बसलो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दुपारी एक तास बंद. पेंड बंद पिंपात, दर दोन दिवसांनी उचलणार, कोण उचलणार त्या दूधवाल्याचं गाव. मोटार किती ताकदीची. आवाज गिरणीपेक्षा कमी. हे लिहायला चार पानांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण बऱ्याच प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं नव्हतीच. पेंडीचा विचार मी केलाच नव्हता. दूधवाला मी त्या दिवशी शोधला. एक पान झालं.

बाईंनी ते वाचलं. लाल पेन टोपणातच होतं. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या.

"उंची साडेबारा फूट? हे माप कुठून आणलं?"

खोटं काय सांगावं हे पटकन सुचलं नाही म्हणून मी खरं सांगितलं. खताचं दुकान, झिंकची पुडी, अकरा पोती. बाई ऐकत होत्या. त्यांनी आतून टेप आणली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्टुलावर चढून स्वतः छताला लावलं. टेप ताठ झाली. नऊ फूट.

मी परत मोजायला लावलं. नऊच.

मग लक्षात आलं. मी धान्याचं पोतं धरून मोजलं होतं. तूर, सोयाबीन, हरभरा भरलेलं बारदानाचं पोतं आडवं टाकलं तर फूटभर उंच होतं. खताची गोणी प्लास्टिकची, दाबून भरलेली, आठ इंचांच्या वर जात नाही. बावीस वर्षं थप्प्या मोजणाऱ्या माणसानं पोत्यात काय आहे ते पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं कारण बघतोय हे दिसू द्यायचं नव्हतं.

घाण्याला अकरा फूट पाहिजे होते, आणि घाणा तयार होता. मी पायरीवर बसलो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. रानात करडई वाळून काटे धरून उभी होती. मी सुताराला फोन लावला आणि बाईंना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"छत नऊ फूट हाय," मी म्हणालो.

मग म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला.

"कुनाच्या खांद्यावर उभा ऱ्हायला व्हतास, बाबा?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. बाई समोर होत्या. "कापून कमी होतं का?" मी विचारलं.

"घाणा कापायचा म्हंजे बैलाचं पाय कापायचं. न्हाई होत." मग त्याचा आवाज बदलला, कामाचा झाला. "आमच्या आज्याच्या येळंला घाणं जमिनीत गाडल्यालंच असायचं. फरशी फोड, अडीच फूट खड्डा काढ, उखळ त्यात बसव. पर काळी माती हाय ना तिथं? पावसाळ्यात खालून ओल येती. शोषखड्ड्याला घालत्यात तसली शिमिटाची गोल कडी घाल, बुडाला शिमिटाचा थर दे, मंग घाणा सोड. येतो मी."

फोन ठेवला. आता बाईंना विचारणं भाग होतं, आणि विचारण्यात लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांना माझी गरज माहीत, तारीख माहीत, चूक माहीत. त्यांच्या जागी मी असतो तर त्या क्षणी भाडं दीडपट सांगितलं असतं. हे मी त्यांना म्हणालोही.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लिहा. खड्डा अडीच फूट. सिमेंटची कडी. गाळा सोडताना खड्डा भरून, वर फरशी बसवून द्यायची. खड्ड्यामुळं भिंतीला तडा गेला तर तुमची जबाबदारी."

"पाच वर्षांच्या आत मला उठवायचं न्हाई, हे पण लिहितो. एवढं खोदून मी अकरा महिन्यांनी जाणार न्हाई."

त्यांनी विचार केला. "तीन."

"पाच."

"तीन, आणि पुढं मी जिवंत असेन तर बघू."

"फरशी नवीन बसवून देतो. सगळ्या गाळ्याला. आत्ताच. पाच."

बाईंनी फुटलेल्या फरशीकडं पाहिलं. पहिल्यांदाच मला त्या स्वतःला पाहिजे त्याच्याकडं बघताना दिसल्या, आणि मी लगेच दुसरीकडं बघायला लागलो.

"पाच," त्या म्हणाल्या. "भाडं तेच."

खोदायला चार दिवस लागले. फरशीखाली गिरणीवाल्यानं टाकलेला मुरूम, त्याखाली आमची काळी माती, चिकट, फावड्याला सोडत नव्हती. कडी बसली. सुतार घाणा घेऊन टेम्पोतून आला, गाळ्यात शिरल्या शिरल्या आधी छताकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. उखळ दोरांनी खाली सोडलं. मुसळ वर काढून दाखवलं, छताला चार बोटं राहिली. बाईंनी त्या चार बोटांत आपला हात घालून पाहिला आणि करारावर सही केली. सोमवारी चालू करायचं ठरलं.

राहिलं बी. चुडाव्याजवळचा एक शेतकरी आहे, दोन एकर करडई न चुकता पेरतो. मालकांसाठी मी त्याचा माल कितीदा उचलला होता. करडई पहाटे दव असताना कापतात, काटे नरम असतात तोवर. मी पोचलो तेव्हा ऊन आलं होतं, त्याचं मागच्या आठवड्यात झोडपलेलं बी खळ्यावर पडलं होतं. पांढरं, टपोरं. मी एक दाणा दाताखाली फोडला.

"या," तो म्हणाला. "आता कुनाकडून?"

"सोताकडून."

"कशाला पायजे करडई?"

बावीस वर्षांत या प्रश्नाला मी कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. पण तो महिना सगळा बाईंना उत्तरं लिहून देण्यात गेला होता आणि तोंडाला तशी सवय लागली होती. "घाण्याला," मी म्हणालो. "ताडकळसला गाळा घेतलाय. सोमवारी चालू करायचाय."

"आज शुक्रवार हाय."

"हो."

"म्हंजे आजच पायजे."

"हो."

"मंग ऐका," तो म्हणाला, आणि मोंढ्याच्या वरचा भाव सांगितला.

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोनं दोनदा चहा केला. मी दोनदा गाडीला किक मारली, तो हसत होता. गाडी बिनबियाची ताडकळसला जाणार नाही हे त्याला माहीत होतं. शेवटी भाव वरच राहिला. पण बी दोनदा चाळून घेतलं, पुढच्या वर्षीचा माल खळ्यावरून आधी मला असं त्याच्या बायकोसमोर कबूल करून घेतलं, आणि पोती त्याच्याच ट्रॅक्टरनं ताडकळसला पोचवायला लावली. डिझेल त्याचं.